संरक्षण आदेश: कागद दमदार, बटवडा ढिला

उभी नोकरी टपाल खात्यात गेली. पोस्टमन म्हणून लागलो, पोस्टमन म्हणूनच निवृत्त झालो. त्यामुळे सरकारी कागद हातात आला की तो कोणाच्या नावाचा आहे आणि त्याला पोचला का, हेच मी आधी बघतो. भाचीच्या निमित्ताने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश अर्जापासून अंमलापर्यंत जवळून बघायला मिळाला. मिक्सर घेतला तरी लोक चार ओळी लिहितात, याबद्दल कोणी लिहीत नाही. भाचीला विचारून लिहितोय. नाव, गाव, कोर्ट काही सांगणार नाही.

आधी गुण देऊन टाकतो. आदेशाला पाचपैकी साडेचार. तो संबंधितापर्यंत पोचवण्याच्या व्यवस्थेला दीड, आणि तोही हात सैल सोडून.

मारहाण झाल्यावर भाची मुलाला घेऊन ताईकडे, म्हणजे माहेरी आली. तिथे संपलं असतं तर पोटगीवर भागलं असतं. पण जावई नव्या नव्या नंबरवरून फोन करायला लागले. ती कामाला जाते त्या दवाखान्याच्या गेटसमोर उभे राहायला लागले. मुलाला शाळेत नेणाऱ्या रिक्षावाल्याकडे ‘आज कुठल्या रस्त्याने गेलात’ म्हणून चौकश्या. पोलिस ठाण्यात गेलो तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून कागद हातात दिला आणि ‘घरगुती मामला आहे, बसून मिटवा’ असा सल्ला वर.

मार्ग दाखवला तो विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडमनी. बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. ताईने तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढायची तयारी केली होती, तो लागलाच नाही. मॅडमनी सांगितलं की २००५ चा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा, आणि बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही तो चालतो. म्हणजे सासरच्या गावाला तारखेसाठी हेलपाटे नाहीत. ही सोय ज्याने कायद्यात घातली त्याला बाईच्या अडचणी ठाऊक असणार.

आता आदेशाबद्दल. कलम १८ खाली कोर्ट नवऱ्याला काय काय मनाई करू शकतं ते ऐकून मी चाट पडलो. मारहाण तर आहेच. शिवाय ती काम करते तिथे शिरायचं नाही, मूल शिकतं त्या शाळेत शिरायचं नाही, फोन, चिठ्ठी, मेसेज, कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही. दोघांच्या नावावरचं लॉकर किंवा बँक खातं परस्पर हाताळायचं नाही, स्त्रीधनाला हात लावायचा नाही. तिला मदत करणाऱ्या नातेवाईकांना त्रास द्यायचा नाही, म्हणजे त्यात मीही आलो.

इथे वकील मॅडमचं कसब दिसलं. कायद्यात शब्द आहे ‘शिरणे’. जावई शिरत नव्हते, ते रस्त्यापलीकडे पानटपरीला टेकून उभे राहायचे. मॅडमनी अर्जात स्पष्ट लिहिलं: दवाखान्याचं गेट, समोरचा रस्ता, बसथांबा आणि मुलाच्या रिक्षाचा मार्ग, यांपैकी कुठेही थांबायचं नाही, पाठलाग करायचा नाही, दुसऱ्याकरवी चौकशी करायची नाही. कोर्टाला आपल्या आदेशात असं आणखी काही घालता येतं, तशी तरतूद आहे. साच्यातला अर्ज भरून दिला असता तर पानटपरी सुटली असती. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी माणूस नक्की कुठे, किती वाजता उभा राहतो ते वकिलाला सांगा. लाजू नका.

आता माझ्या खात्याचा विषय. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, नोटीस दोन दिवसांत बजावायची (कोर्टाने मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी) आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करायचा. नोटीस बजावायची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची. आमच्याकडच्या संरक्षण अधिकारी मॅडम बोलायला चांगल्या, घटनेचा अहवाल त्यांनी नीट बसून, घाई न करता भरून घेतला. पण त्यांच्याकडे इतर योजनांचं काम, गाडी नाही, शिपाई नाही. नोटीस गेली पोलिसांमार्फत आणि परत आली. शेरा काय? ‘घर बंद’. पुढच्या वेळी ‘सदर इसम मिळून आला नाही’. अहो, तो इसम संध्याकाळी टपरीवर उभा असतो हे साऱ्या गल्लीला माहीत! आम्ही पोस्टमन असा शेरा मारला असता तर पोस्टमास्तरांनी उभं केलं असतं. ‘घर बंद’ लिहिण्याआधी शेजारी विचारायचं, दुसऱ्या वेळेला जायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तारखेमागून तारीख नुसत्या बजावणीवर पडत गेली आणि तेवढे दिवस भाची मागच्या दाराने दवाखान्यातून निघायची.

शेवटी वकील मॅडमनी या कायद्याच्या २००६ च्या नियमांतला बारावा नियम पुढे केला. नोटीस राहत्या पत्त्यावरच द्यायला हवी असं नाही, माणूस जिथे नोकरी करतो तिथेही देता येते. तो नसेल तर त्या वेळी जागेवर जबाबदार असेल त्याच्या हाती द्यायची. तेही जमलं नाही तर दारावर ठळक दिसेल अशी डकवायची. कारखान्याच्या ऑफिसात नोटीस पोचली, सही-शिक्का मिळाला. जावई तारखेला आले नाहीत आणि अंतरिम आदेश एकतर्फी झाला. खरं तर प्रतिज्ञापत्रावर असा आदेश सुरुवातीलाच देता येतो, कलम २३ मध्ये आहे. मॅडमनी मागितलाही होता, पण न्यायाधीशांनी आधी नोटीस काढायला सांगितलं. तो त्यांचा अधिकार, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आदेशाची प्रत फुकट मिळते, पैसे भरू नका. एक प्रत कोर्टाच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यालाही जाते. पण दवाखाना पडतो दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथे मी स्वतः प्रत नेली, आवक नोंदवहीत नोंद करून घेतली आणि माझ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मागितला. ठाणे अंमलदार म्हणाले, ‘काका, ठेवा तिथे, बघतो.’ पोच घेतल्याशिवाय टपाल सोडायची मला सवय नाही. उभा राहिलो, शिक्का घेतला.

तो शिक्का कामाला आला. जावई पुन्हा टपरीवर दिसले तेव्हा भाचीने ११२ लावला. आलेल्या हवालदारांनी सुरुवात ‘कोर्टात जा’ अशीच केली. तिने पर्समधून आदेश काढला, शिक्का दाखवला, आणि सांगितलं की आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमं ३१ आणि ३२, तिला पाठ होती. हवालदारांनी कागद उलटून पालटून वाचला, फोनवर साहेबांशी बोलले आणि जावयांना गाडीत घातलं. गुन्हा दाखल झाला. त्यानंतर टपरी मोकळी आहे. नव्या नंबरवरून एखादा मिस्ड कॉल येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ती फाइलला लावते.

अर्धा गुण कापलाय तो एका मोठ्या भोकासाठी. हा आदेश ‘कौटुंबिक नात्या’तल्या माणसाविरुद्धच मिळतो. नवरा, सासरचे, लग्नासारखं एकत्र राहिलेला जोडीदार, भाऊ, बाप चालतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढल्यापासून सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज होतो. पण आमच्या शेजारच्या मुलीमागे तिच्या क्लासमधला पोरगा लागलाय, तिला यातलं काही उपयोगाचं नाही. तिला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, म्हणजे पाठलागाचा फौजदारी गुन्हा. तोही पहिल्यांदा जामीनपात्र, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर अजामीनपात्र. इंग्लंडमध्ये पाठलाग करणाऱ्याविरुद्ध वेगळा संरक्षण आदेश आहे, २०१९ च्या कायद्याने, आणि त्यासाठी अर्ज पोलिस करतात, मुलीला करावा लागत नाही. आपल्याकडे तसं काही का नसावं?

समुपदेशनाबद्दल एका ओळीत: ज्या बाईंकडे पाठवलं त्यांनी ‘मुलाकडे बघून जमवून घ्या’ सांगितलं, भाची उठून आली.

आदेशाला मुदत नसते. तिने स्वतः रद्द करा म्हणेपर्यंत तो चालतो. जावयांनी सत्र न्यायालयात अपील टाकलंय. त्याची नोटीस ताईच्या घरी पहिल्याच फेरीत पोचली बरं का, ‘घर बंद’ वगैरे काही नाही. पोटगीच्या अर्जावर पुरावा चालू आहे. निकाल लागला की खाली भर घालीन.