बोट-वाचवा किट आणि माझे २५,७३९ रुपये

सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्सला काढली. बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी, आणि मला कुणीतरी मोबाइलवरून २५,७३९ रुपयांना गंडवलं. लिहितानाही कान तापतायत.

निवृत्तीनंतर पार्किंगमध्ये दहा इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याचं करवत-मशीन, मांडलं. लोकल बनावटीचं, गार्ड नावापुरता. दिवाळीत सागवानाची फळी पात्यात अडकली आणि उलटी उडून पोटावर आदळली. आठवडाभर काळंनिळं. बायकोनं बजावलं, एकतर मशीन सुरक्षित करा, नाहीतर भंगारात घाला. नेमकी तेव्हाच जाहिरात दिसली: कुठल्याही मशीनला बसणारं किट, बोट लागताच पातं थांबणार, रिव्हिंग नाइफ (फळी पात्यावर आवळू नये म्हणून पात्यामागे बसवायची पट्टी) फुकट. हाव नव्हती हो, धास्ती होती.

किट १८,५००. मग 'कस्टम्समध्ये अडकलंय' म्हणून ४,२४०. मग 'कॅलिब्रेशन कोड'चे २,९९९. ही चाल तुम्हाला माहीत आहे, मलाही होती.

तो एक फोन मात्र झोपू देत नाही. मी विचारलं, "ब्रेक पात्यापासून किती अंतरावर बसतो?" तो म्हणाला, "सर, युनिव्हर्सल आहे." युनिव्हर्सल! अरे, बोट लागताच थांबणारी करवत बनवणाऱ्या सॉस्टॉप कंपनीचं तंत्र मला तोंडपाठ. पात्यात बारीक विद्युत संकेत खेळत असतो. बोट टेकलं की तो बदलतो, तार वितळते, स्प्रिंग सुटते आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दात्यांत घुसतो. ५ मिलिसेकंदांत पातं ठप्प. ठोकळा आणि पातं, दोन्ही बाद. असा दणका सोसायला सांगाडाच तसा घडवावा लागतो. ती कंपनीसुद्धा दुसऱ्यांच्या मशीनला लावायचं किट विकत नाही. एवढं ठाऊक असून मी "बरं" म्हणालो आणि क्यूआर स्कॅन केला.

आलं एक काळं खोकं, 'चुंबकीय ब्रेक' म्हणे. टेबलाखाली बसवलं, फळीवर केळं ठेवून पुढे सरकवलं. केळ्याचे दोन तुकडे, उरलेलं भिंतीवर. हिरवा दिवा आपला शांतपणे जळतोय. फोन केला तर म्हणतो, "सर, केळं नाही, माणसाचं बोट लागतं." त्यानंतर नंबर बंद.

खोकं फोडलं. आत एक रिले आणि वजनाला एम-सीलमध्ये थापलेला लोखंडाचा तुकडा. फुकटातली पट्टी ३ मिमीची, माझ्या पात्याचा काप २.६ चा. फळी अर्ध्यातच जाम! रिव्हिंग नाइफ कापापेक्षा पातळ आणि पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड हवी, एवढं तरी मोजून घ्या.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" दुसरा, "घरात करवत कशाला लागते?" अर्जात टेबल सॉचं 'टेबल व सोफा' झालं. दुरुस्तीला गेलो तर साहेब बंदोबस्तावर. परत गेलो तर अर्जच सापडेना. बँकेत तर, "पिन तुम्हीच टाकलात ना, काका?" हो, मीच टाकला! म्हणून काय खातं कुणाचं ते विचारायचंही नाही? चार खेपा, रिक्षाचे ५६० वेगळे, आणि हातात एक शिक्का मारलेली पोच.

असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी लाजेपायी पाच दिवस घालवले. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. जीएसटी नंबर मागा, चिडला तर सोडून द्या. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण विक्रेत्याचा पत्ता तर हवा! आणि स्विच असा घ्या, की लाइट जाऊन आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही.

रिव्हिंग नाइफ शेवटी अंबडच्या ओळखीच्या फिटरनं बनवून दिली, ६५० रुपयांत. त्यानं ते काळं खोकं हातात घेऊन वजन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. चहा मात्र मागवला.