समेट की चौकशी? गाईडविरुद्ध तक्रार केल्यावर

पीएचडीच्या गाईडने लैंगिक छळ केल्याची तक्रार आयसीसीकडे, म्हणजे विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे, गेली की पहिल्याच बैठकीत, जरा आवाज खाली आणून, एक प्रश्न येतो: "समेट करायचाय का?" मला विचारलं तेव्हा अध्यक्ष मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "आधी प्रबंध हातावेगळा कर गं, मग हे बघू." समेटाची मागणी तक्रारदार बाईकडूनच यावी लागते, असं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात लिहिलंय. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी "हो" म्हणून मोकळी झाले, आणि साडेचार महिन्यांनी त्याच टेबलासमोर चौकशीसाठी जाऊन बसले. म्हणजे दोन्ही वाटा तुडवून झाल्या आहेत. अर्थात अनुभव एकाच विद्यापीठातला, एकाच समितीपुढचा. तुमची समिती कदाचित बरी निघेल.

समेटाला उगाच नावं ठेवणार नाही. दोन बैठकांत विषय मिटला. साक्षीदार शोधावे लागले नाहीत, विभागात कुजबुज झाली नाही. समेट पैशाच्या बोलीवर करता येत नाही, बाकी काय लिहायचं ते बरंचसं आपल्या हातात असतं. माझ्या कागदावर तीन कलमं होती: सरांची, म्हणजे माझ्या गाईडची, लेखी दिलगिरी, कामाच्या वेळेबाहेर फोन-मेसेज नाहीत, आणि भेटायचं ते विभागाच्या ग्रंथालयात. दिलगिरीच्या पत्राची सुरुवातच "माझ्या वागण्याने कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास" अशी होती. 'कोणाच्या' आणि 'असल्यास'. तेही गिळलं.

अडलं ते सहामाही प्रगती अहवालापाशी. त्या फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते, 'मार्गदर्शकाची स्वाक्षरी'. ती झाली नाही तर फेलोशिपचा पुढचा हप्ता लटकतो. सही कोण करणार, हे आमच्या तीन कलमांत कुठेच नव्हतं. अहवाल ऑफिसात दिला, पोच घेतली. दोन आठवडे "सर बाहेरगावी आहेत". मग "दुरुस्त्या आहेत". कोणत्या, ते भेटीत सांगणार. भेट ग्रंथालयात, म्हणजे कागदाबरहुकूम. फक्त आमचं ग्रंथालय पाचला बंद व्हायचं आणि सर वेळ द्यायचे साडेपाचची. बंद दाराबाहेरच्या बाकावर मी दोनदा बसून आले.

आता यात समेट मोडला का? कलमं वाचली तर नाही. समेट झाला की समिती पुढे चौकशी करत नाही. एखादी अट पाळली गेली नाही असं आपण कळवलं तरच ते दार पुन्हा उघडतं. म्हणजे समेटाचा रखवालदार तक्रारदारच. मी एक वही घातली होती: तारीख, वेळ, काय म्हणाले, कोण हजर होतं. मूळ प्रकाराने दमवलं नसेल इतकं त्या वहीने दमवलं. शेवटी एका रात्री अकरा चाळीसला मेसेज आला, "झोपलीस का?" तो वाचून मला हायसं वाटलं. हायसं! आता स्पष्ट अट मोडली होती. ज्या कागदामुळे असल्या मेसेजची वाट बघावी लागते, त्याच्यावरचा माझा विश्वास त्याच रात्री उडाला.

चौकशी सुरू झाल्यावर पहिला फरक त्या सहीतच दिसला. चौकशी चालू असेपर्यंत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2015 च्या विनियमांत ही सोय आहे. लेखी अर्ज मात्र करावा लागला. आठवड्याभरात कुलसचिवांचं पत्र आलं आणि माझ्या अहवालावर विभागप्रमुखांची सही झाली. जे मला कलम म्हणून सुचलं नव्हतं, ते नियमात आधीच होतं.

बाकी चौकशी सोपी नाही. नव्वद दिवसांची मुदत असते, आमची पाच महिने चालली. वकील कोणालाच आणता येत नाही, त्यामुळे सरांचे प्रश्न समितीमार्फत लेखी आले. त्यातला एक, "त्या दिवशी आपण चहाला स्वतःहून थांबलात की नाही?" उत्तर एका शब्दाचं, पण ते लिहायला मला अख्खी दुपार लागली. माझ्याच बॅचच्या मैत्रिणीने जबाबात "आठवत नाही" म्हटलं. तिचाही गाईड तोच होता, तिला काय बोलणार?

समितीने घाई केली तरी भीती असतेच. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात 2009 साली समितीने सुनावण्या भराभर उरकल्या, आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! हे वाचल्यापासून सरांनी उत्तरासाठी मुदतवाढ मागितली तरी मी फार चिडत नसे.

"सिद्ध झालं नाही तर उलट माझ्यावरच शेकेल" या धास्तीने कोणी समेटाकडे वळत असेल, तर नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. त्यासाठी तक्रार जाणूनबुजून खोटी होती हे ठरावं लागतं. आणि पोलिसांची वाट या दोन्हींपासून वेगळी आहे; प्रकार गंभीर असेल तर समेटाचा विचारही करू नये, असं आपलं माझं मत.

समेट कोणाला चालेल? समोरचा दुसऱ्या विभागातला असेल, एकदाच घडलं असेल, आणि तुमचा एकही कागद त्याच्या टेबलावरून जात नसेल, तर चालेलही. माझ्या ओळखीत एकीचा नीट पार पडला. तिच्या बाबतीत तो प्रशासनातला कर्मचारी होता आणि त्याची इमारतच बदलली.

गाईडच्या बाबतीत मी मात्र कचरेन. तरीही समेटच करायचा असेल, तर सहीचा अधिकार दुसऱ्याकडे गेल्याचं पत्र आधी हातात घ्या आणि मगच त्या कागदावर सही करा. मला हे त्या बाकावर बसल्यावर सुचलं.