अबॅकसचा क्लास की कापरेकरांचं कोडं?
चौथीतल्या लेकीला गणिताची गोडी लागावी म्हणून अबॅकसचा (मण्यांच्या चौकटीवर आकडेमोड शिकवणारा) क्लास लावू की घरीच कोडी घालू, असं मावसबहीण विचारत होती. क्लासवाल्यांच्या मेंदूविकासाच्या जाहिराती बाजूला ठेवू.

क्लासला फी, कोड्याला कागद-पेन्सिल. अबॅकसनं हात बसतो, आकड्यांची भीती जाते. पण ‘असं का?’ हा प्रश्न क्वचितच पडतो. तो पडतो देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येमुळे. ३५२४ चे अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. उत्तरावर पुन्हा तेच करा: ८३५२, मग ६१७४! चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं). मुलं आपणहून पुढची संख्या घेतात.

मात्र कोड्यांना पालकाचा वेळ लागतो.

आकडेमोडीला बिचकणाऱ्या मुलाला अबॅकस लावा. हिशेब जमतो पण कंटाळा येतो, त्याला कोडीच द्या.