होडीचा लाकडी संच: लाकूड चांगलं, डिंक मात्र बदला

उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या लेकीसाठी हातानं बनवायच्या लाकडी होडीचा संच ऑनलाइन मागवला. किंमत ७४९ रुपये, सोलापुरात पाचव्या दिवशी घरपोच. महिनाभर वापरून मग लिहितोय.

डब्यात पाईनचा २४ सेंटीमीटरचा ठोकळा, वर बसवायची पातळ फळी, डोलकाठी, शिडाचं सुती कापड, दोरा, पॉलिश पेपर आणि पांढऱ्या डिंकाची बाटली. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, पण चित्रं स्पष्ट आहेत.

सगळ्यात आवडलं ते हे, की ठोकळा मधे कोरून दिलाय पण बाहेरून ढोबळच कापलाय. आकार आपणच काढायचा. मी बावीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आहे, लाकूड हातात घेतलं की कळतं. हे सरळ रेषांचं, एकही गाठ नसलेलं निघालं. लेक ठोकळा बघून म्हणाली, "पप्पा, हा तर तुमचा धोटा!" मागावर आडवं सूत नेणारा धोटा खरंच तसाच असतो, दोन्हीकडे निमुळता, मधे पोकळ. मग कारखान्यातला एक जुना धोटा आणून दिला. तिनं तो बादलीत सोडला. एका कुशीवर कलला, पोकळीत पाणी शिरलं आणि तळाला गेला. घट्ट, जड लाकूड आणि टोकांना लोखंड. होडीला हलकं लाकूड का लागतं हे वेगळं सांगावं लागलं नाही.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, घासायला तीन संध्याकाळी लागल्या. संचातला पेपर फार बारीक, त्यानं गुळगुळीतपणा येतो, आकार येत नाही. आधी कानस, मग ८० नंबरचा पेपर, मग १२०. घासायचं रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं तर तेल लावल्यावर ओरखडे उठून दिसतात. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून लेकीनं एका बाजूचा आकार पुठ्ठ्यावर कापला आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून बघत राहिली.

आता तक्रार. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे दारात हौद आहे. होडी त्यातच सोडली. अर्ध्या तासात डिंक सायीसारखा सुटला आणि वरची फळी निघाली. लेकीनं ती फ्रॉकला पुसली आणि आत जाऊन बसली. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, वस्तू शोभेसाठी आहे. डब्यावर चित्र पाण्यात तरंगणाऱ्या होडीचं आहे. मुलांच्या वस्तूत असं करू नये.

फर्निचरवाले वापरतात तो वॉटरप्रूफ डिंक आणला. जुना पूर्ण घासून काढावा लागतो, त्यावर नवा धरत नाही. दोऱ्यानं आवळून एक दिवस ठेवला. मग शीड चढवलं तर होडी आडवी, कारण खाली वजनच नाही. तळाला मधोमध ४० ग्रॅमची लोखंडी पट्टी दोन स्क्रूनं बसवली. आता बोटानं कलवली तरी आपली आपण सरळ होते. ही पट्टी कंपनीनंच द्यायला हवी होती.

वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, घाई करू नका. आणि त्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आतून तापून पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर अजिबात नाही. बाहेर मोकळं पसरून वाळवा.

आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी घ्या, पण शेजारी मोठं माणूस बसणार असेल तरच. पाचपैकी साडेतीन. भाच्यासाठी मी दुसरा मागवलाय, त्यातली डिंकाची बाटली पहिल्या दिवशीच काढून ठेवणार.

रविवारी होडी हिप्परग्याच्या तलावावर नेली होती. मागे चादरीचं वीस मीटर सूत बांधलं होतं, ते पूर्ण संपलं.