नळाची जाळी पडली १५,२०० रुपयांना

स्वयंपाकघरातला एक नळ बारीक झाला होता. एवढ्यावर १५,२०० रुपये गेले: व्हिजिट ३५०, ‘लाइनचा केमिकल वॉश’ २,८००, अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप ९,६००, फिटिंग २,४५०. हाच पंप कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ५,४०० ला मिळतो.

नेहमीचा प्लंबर गावी, घरात पाहुणे. नेटवर पहिला दिसला तो नंबर लावला. कोणीही लावला असता. आलेला माणूस बोलायला गोड. बाथरूमचा नळ सोडून पाहिला, चांगली धार होती. मग ‘काका, टाकी बघून येतो’ म्हणत एकटाच गच्चीवर गेला. खाली येऊन म्हणाला, ‘आता बघा.’ बाथरूममध्येही करंगळीएवढी धार!

इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. आत्ता धो धो वाहणारा नळ जिना चढून उतरेपर्यंत बसला कसा? आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटची लाइन गच्चीवरून वेगळी उतरते, तिथे कॉक आहे. पठ्ठ्याने तो अर्धा पिळला होता. वॉचमनने पाहिलंसुद्धा, त्याला वाटलं, दुरुस्ती चाललीय!

बरं, थापेत खरंही मिसळलेलं. पाण्याच्या १० मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे साधारण १ किलो दाब मिळतो. आमचा मजला सगळ्यात वरचा, टाकी जेमतेम ३ मीटर वर. ‘पंपाशिवाय इलाज नाही’ हे पटणार नाही तर काय?

पंप बसला (कॉक गुपचूप उघडला असणार). बाथरूममध्ये धबधबा, स्वयंपाकघरात तीच करंगळी. ‘हवा अडकलीय, निघेल.’ त्यानंतर फोन बंद. आमचा प्लंबर परतला, नळाच्या तोंडाची जाळी हातानेच फिरवून काढली, तळहातावर आपटली: रेती आणि चुन्याच्या खपल्या. सोसायटीने टाकी धुतली होती, त्याचा गाळ. त्याने पैसेही घेतले नाहीत, त्याची आणखी लाज वाटली.

एकच नळ बारीक असेल तर आधी त्याची जाळी काढा, मग खालचा अँगल कॉक (त्या नळाचं पाणी बंद करायची छोटी चावी) बघा. घरभर बारीक असेल तरच गच्ची. आणि मेकॅनिकच्या मागोमाग चढा. कॉकचा दांडा पाइपला आडवा म्हणजे बंद.

चौकीत साहेब म्हणाले, ‘पंप चालतोय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ अर्जावर पोच द्यायलाही तयार नाहीत. जिथे नंबर सापडला, तिथे तक्रारीला मशीन उत्तर देतं. सेक्रेटरी विचारतात, बाहेरच्याला गच्चीची किल्ली कुणी दिली? म्हणजे आरोपी मीच! जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणे, पण नोटीस कुणाच्या नावे काढू, बंद मोबाइलच्या? ‘बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर’ असं तो पठ्ठ्या म्हणाला, म्हणून रोख दिले. तुम्ही देऊ नका. १८ टक्के भरा, बिल घ्या, त्यावर पत्ता आहे का बघा.

पंप काढून ठेवलाय. हार्डवेअरवाला २,००० च्या वर जायला तयार नाही.