६५० रुपयांचा 'नाइस' कोश

सांगलीत दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते मी. निबंधात 'नाइस' दिसला की माझं लाल पेन चालतंच. नाइस टीचर, नाइस गार्डन, नाइस मदर. एकदा एकाने विचारलं, "मॅडम, नाइसचा खरा अर्थ काय?" मी 'चांगला' म्हणून सुटले खरी, पण डोक्यातून जाईना. मग 'ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश एटिमॉलॉजी'ची, म्हणजे इंग्रजी शब्दांची मुळं सांगणाऱ्या कोशाची, जुनी प्रत मागवली, ६५० रुपयांना.

विकणाऱ्याने 'सुस्थितीत' असं लिहिलं होतं. खोकं उघडलं तर पुठ्ठा एका हातात आणि पानं दुसऱ्या हातात! बाइंडरचे १२० रुपये वर गेले.

कोश मात्र जबरदस्त. संपादक सी. टी. ओनियन्स (स्पेलिंग थेट कांद्याचंच). ऑक्सफर्डच्या मूळ थोरल्या कोशाच्या चार संपादकांपैकी हे शेवटचे. १९६५ मध्ये ते गेले आणि १९६६ मध्ये हा आला.

पहिलं पान काढलं ते अर्थात 'नाइस'चं. तेराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, अडाणी! लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे न जाणणारा. 'ने' नकाराचा आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स'ही त्याच 'स्किरे'चा. म्हणजे नाइस आणि सायन्स सख्खे, एकाला नकार चिकटलेला. पुढे अर्थ सरकत गेला: चोखंदळ, नाजूक, काटेकोर, आणि अठराव्या शतकात कुठे छान.

वाचता वाचता मला आजी आठवली. "लेकरू नेणतं आहे, रागावू नकोस," म्हणायची. न आणि जाणणे मिळून नेणणे. धातू वेगळा, पण घडण हुबेहूब तीच. आपल्या 'नेणत्या'तही दोष कमी आणि माया जास्त, नाही का? कोशात मराठी नाही, हे नातं माझं मीच जुळवलं. 'नो' (know, जाणणे) या क्रियापदाखाली मात्र संस्कृत 'ज्ञा' भेटतो. 'इग्नरंट' आणि आपला 'अज्ञ' त्याच मुळातले, नकारासकट भाऊबंद.

तक्रारी आहेत. अक्षर इतकं बारीक की चष्म्यावर भिंग लागतं. साल नाही, रोमन आकड्यांत नुसतं शतक. संक्षेपांची यादी पाठ होईपर्यंत पुढेमागे पानं उलटत बसा. दहावीच्या पोरांना देऊ नका, पळून जातील. घरी चाळायला टी. एफ. होड यांनी १९८६ साली केलेली याच कोशाची छोटी आवृत्ती पुरेल. शिकवणाऱ्याने मात्र मोठाच घ्यावा, आणि पैसे देण्याआधी पुस्तकाच्या कण्याचा फोटो मागून घ्यावा.