मोठ्या टायपातले पवित्र शास्त्र : एका भुसार दुकानदाराचा वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, नाताळापूर्वीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार तोंडावर आलेला असताना, मी आईसाठी मोठ्या टायपातले मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, विकत घेतले. आईचे वय ७८, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आणि घरातल्या जुन्या प्रतीचे अक्षर इतके बारीक की संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत ती वाचण्याऐवजी पाठ असलेलेच म्हणू लागली होती. स्तोत्र २३ आणि स्तोत्र १२१ पाठ असणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु महिनोन्‌महिने ही दोनच स्तोत्रे आलटून पालटून ऐकल्यावर माझा धाकटा मुलगा आजी तोंड उघडण्याआधीच पुढची ओळ म्हणू लागला, तेव्हा नवी प्रत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आमचे अहिल्यानगरला, म्हणजे आम्हा जुन्यांच्या तोंडी अजूनही नगरच, भुसार मालाचे दुकान आहे. त्यामुळे वस्तू हातात आली की आधी काट्यावर ठेवण्याची खोड आहे. दरवर्षी शिक्का मारून घेतलेल्या काट्यावर या ग्रंथाचे वजन १ किलो ७४० ग्रॅम भरले. छापील किंमत ६५० रुपये होती आणि त्यात सूट मिळाली नाही, मी मागितलीही नाही. काळ्या रेक्झिनची बांधणी, कडांना लाल रंग, एक खूणफीत आणि वरून चेन असलेले कव्हर, असे त्याचे रूप आहे. हे कव्हर मी चौथ्या दिवशी काढून ठेवले. चेन उघडता-मिटताना तिचे दात पानांच्या कडांना घासतात, ही एक तक्रार; आणि चेन लावलेला ग्रंथ कपाटात जातो तो रविवारीच बाहेर येतो, ही दुसरी, अधिक गंभीर तक्रार. आता तो स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर उघडा असतो आणि त्यातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या दोन पानांवर हळदीची बोटे उमटलेली आहेत. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त ३१, म्हणून माझी पत्नी सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तारखेचा अध्याय वाचते. हळदीचा उलगडा एवढाच आहे.

अक्षराविषयी तक्रारीला जागा नाही. ठळक, सुटसुटीत टाइप, ओळींमध्ये पुरेसे अंतर, आणि जोडाक्षरे एकमेकांवर चढलेली नाहीत. ‘नीतिमत्त्व’ किंवा ‘पुनरुत्थान’ यांसारखे शब्द आई चष्मा न लावताही ओळखते. कागद मात्र अशा ग्रंथांना लागतो तसाच पातळ आहे, आणि मागच्या पानाची छाया पुढे दिसते. दिवसा उजेडात हे जाणवत नाही, पण पिवळ्या दिव्याखाली मागची आणि पुढची वचने एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात. शाईचे पेन तर चुकूनही लावू नये. खुणा करायच्या असतील तर मऊ शिसपेन्सिल वापरावी.

भाषांतर जुन्या वळणाचे आहे, आणि ते नव्या वाचकाला कितपत झेपेल याचा विचार विकत घेण्याआधी करायला हवा. माझ्या मुलीच्या मैत्रिणीने अनुक्रमणिका पाहून ‘अनुवाद’ हे पाचव्या पुस्तकाचे नाव आहे की भाषांतराची सूचना आहे, असे विचारले होते, आणि तिचे काही चुकले नव्हते. येथे ‘प्रेम’ क्वचित भेटते, ‘प्रीती’ मात्र पानोपानी भेटते. मला स्वतःला हे वळण आवडते, कारण मराठी ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेची भाषा त्यातूनच घडली आहे. पण माझी आवड हा निकष होऊ शकत नाही. मराठी नवा करार पहिल्यांदा छापला गेला तो १८११ साली विल्यम केरी यांच्या खटपटीने श्रीरामपूरला. (आमच्या जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचे, ज्याला आपण सेरामपूर म्हणतो.) तेव्हापासून प्रत्येक पिढीने हाच प्रश्न पुन्हा सोडवला आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्यात घालवली ती याचसाठी. ज्या घरात वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक विशीच्या आतले आहेत, त्या घराने सोप्या मराठीतली आवृत्ती शेजारी ठेवावी, असे माझे मत झाले आहे. आमच्याकडे ती आता आहे आणि मुले आधी ती वाचून मग मोठ्या ग्रंथाकडे वळतात.

या आवृत्तीचा खरा गुण म्हणजे समासातले संदर्भ. प्रत्येक पानाच्या मधोमध एक अरुंद रकाना असून त्यात त्या वचनाशी जुळणाऱ्या इतर वचनांचे पत्ते (पुस्तक, अध्याय आणि वचनाचा आकडा) दिलेले आहेत, आणि टाइप मोठा असल्यामुळे तेही वाचता येतात. संदर्भ ही पाळकांनी आणि संडेस्कूलच्या शिक्षकांनी वापरायची गोष्ट आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हा समज दूर झाला. सोबत मिळालेल्या वाचनाच्या तक्त्याप्रमाणे, म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय या हिशेबाने (एकूण अध्याय ११८९, त्यामुळे वर्षात सगळे बसतात), आई अनुवादाचा २४वा अध्याय वाचत होती. मजूर गरीब असतो, त्याचे मन त्या पैशाकडे लागलेले असते, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी त्याला द्यावी, असे तेथे सांगितले आहे. समासात लेवीय १९:१३ आणि याकोब ५:४ असे दोन पत्ते होते. आईने लेवीय काढून वाचले. तेथेही तेच: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. मग तिने चष्मा काढला आणि विचारले, “बाळ, दुकानातल्या त्या पोराचे पैसे दिलेस का रे?”

मी म्हणालो, “सोमवारी देतो, आई. नेहमीसारखेच.”

आईने चष्मा पुन्हा चढवला आणि तेच वचन दुसऱ्यांदा वाचले. अधिक एक शब्दही बोलली नाही.

पोती उचलणाऱ्या त्या मुलाचा शनिवारचा हप्ता मी कित्येक वर्षे सोमवारी देत आलो होतो, कारण व्यापाऱ्यांची देणी भागवली की गल्ल्यात सुटे उरत नाहीत, असे मी स्वतःला सांगत असे. रात्री साडेआठला मोटारसायकल काढून त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या बायकोच्या बोलण्यातून सहज कळले की शनिवार-रविवारचे पीठमीठ ते कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानातून उधारीवर नेतात. भुसार मालाच्या दुकानात सहा दिवस राबणारा माणूस सातव्या दिवसाची ज्वारी दुसरीकडून उधार आणतो, ही गोष्ट माझ्या लक्षात कधीच आली नव्हती. त्या दिवसापासून हप्ता शनिवारी चारच्या आत दिला जातो. एखाद्या आवृत्तीच्या अभिप्रायात याला किती गुण द्यावेत, हे मला ठरवता आलेले नाही, कारण वचन जुन्या प्रतीतही होतेच. फरक एवढाच की आता ते आईला वाचता येते.

चाणाक्ष वाचकाने एक गोष्ट हेरली असेल. आईने लेवीय काढले, पण याकोब काढला नाही. त्या रात्री घाईत ते राहून गेले. पुढे ऑक्टोबरमध्ये आम्ही मत्तयाच्या पाचव्या अध्यायाला पोहोचलो. शपथ वाहूच नका, तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही इतकेच असावे, हे वचन आले तेव्हा घरातले सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण “देवाशप्पथ सांगतो, नवीन ज्वारी आहे” हे माझे दुकानातले पालुपद आहे. (ते पूर्ण सुटलेले नाही. दोन दिवसांपूर्वीच एका गिऱ्हाइकासमोर निम्मे तोंडून निसटले.) समासात याकोब ५:१२ असा पत्ता होता. मुलगा काढायला गेला आणि त्याला याकोबाचे पत्र सापडेना. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय संपत आला की पुढे पुन्हा आठवा अध्याय सुरू होत होता, आणि तो फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) संपल्यावर एकदम पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय लागत होता. १६ पानांचा एक फर्मा दोनदा शिवला गेला होता आणि त्याच्या पुढचा फर्मा गळाला होता. विश्वासाचा थोर अध्याय म्हणून जो ओळखला जातो तो इब्री ११ आमच्याकडे दोन वेळा होता आणि क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असे बजावणारे याकोबाचे पाचही अध्याय एकदाही नव्हते. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, “बऱ्याच मंडळ्यांत हीच आवृत्ती चालते.”

येथून पुढचा भाग लिहिताना मी जपून लिहीत आहे. ज्या दुकानातून प्रत घेतली तेथे फोन केला तर जवळजवळ अकरा महिन्यांनी बदलून मिळणार नाही, असे तुटक उत्तर मिळाले. त्याच रात्री दुकानाच्या नावासकट चांगला खरमरीत अभिप्राय लिहून मी तयार ठेवला होता. परंतु मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला त्याचा दोष दाखव, असे सांगितले आहे. आणखी एक-दोघांना सोबत नेण्याची किंवा मंडळीला कळवण्याची पायरी त्यानंतरची आहे. हा नियम मंडळीतल्या भावासाठी आहे, दुकानासाठी नाही, असा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला आणि तो मला पटत चालला आहे हे लक्षात आल्यावर सोडून दिला. एका गुरुवारी दुकान बंद ठेवून, ते पावणेदोन किलोचे ओझे पिशवीत घालून, एसटीने गेलो.

समोरासमोर बसल्यावर गोष्ट वेगळी निघाली. फोन उचलणारा मुलगा नवा होता आणि मालकांना तक्रार कळलीच नव्हती. त्यांनी ग्रंथ उघडून पाहिला, चेहरा उतरला, आणि त्याच गठ्ठ्यातल्या उरलेल्या पाच प्रती माझ्यासमोर खाली काढल्या. त्यांपैकी दोन प्रतींत तोच दोष होता. त्या त्यांनी विक्रीतून बाजूला काढल्या आणि मला नवी प्रत मागवून देण्याचे कबूल केले. ती यायला पाच आठवडे लागले आणि कुरियरचे पैसे माझ्याकडूनच घेतले गेले, हे मी नोंदवून ठेवतो. त्या गठ्ठ्यातून आधी विकल्या गेलेल्या प्रतींच्या गिऱ्हाइकांना कळवणार का, असे विचारले तेव्हा पावत्यांवर सगळ्यांची नावे नसतात, असे ते म्हणाले. ते खरेही असेल. मी दुकानाचे आणि प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, पण दोषाचे स्वरूप देतो, म्हणजे ज्यांच्याकडे सदोष प्रत असेल त्यांना ती ओळखता येईल. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा फाजील निंदेला लागू आहे तशीच फाजील स्तुतीलाही लागू आहे, आणि मुकाट्याने पाच तारे देऊन मोकळे होणे मला त्या आज्ञेत बसवता आले नाही.

या अदलाबदलीत एक नुकसान झाले ते भरून येणारे नाही. पहिल्या प्रतीच्या आतल्या पानावर आईने वडिलांच्या स्मरणार्थ चार ओळी लिहिल्या होत्या. ते पान मला कापून घेऊ दिले नाही, कारण सदोष प्रत प्रकाशकाकडे अखंड परत गेली पाहिजे असे मालक म्हणाले, आणि नियम म्हणून ते बरोबर होते. आईने नव्या प्रतीत पुन्हा लिहिले आहे, पण हात थरथरतो, अक्षर पूर्वीचे राहिले नाही.

यावरून आठवले, या आवृत्तीत कुटुंबाच्या नोंदींसाठी कोरी पानेच नाहीत. आमच्या जुन्या ग्रंथात आजोबांपासूनचे जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि निधने अशी सगळी नोंद आहे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यातल्या जन्मतारखेचा घोळ आम्ही त्यावरूनच निस्तरला होता. अखेरीस रंगीत नकाशे आठ पाने आहेत, तेवढ्याच जागेत दोन कोरी पाने सहज मावली असती. नकाशे सुबक आहेत, पण वर्षभरात ते आम्ही दोनदा उघडले.

मोबाइलवर हे सगळे फुकट मिळत असताना इतके पैसे का घालवावेत, असे पुतण्याने विचारले. शोधण्यासाठी मोबाइल निःसंशय सरस आहे आणि प्रवासात मीही तोच वापरतो. परंतु मोबाइलवर प्रत्येक जण आपापले वाचतो, आणि त्या शनिवारी आई मोबाइलवर वाचत असती तर ते वचन दुसऱ्यांदा माझ्या कानावर पडले नसते.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन तारे: टाइप आणि संदर्भ यांच्यासाठी पूर्ण, बांधणीसाठी एक कमी, कोऱ्या पानांसाठी अर्धा. घरात कोणी वयस्कर असेल आणि एकत्र वाचनाची पद्धत असेल, किंवा ती सुरू करायची असेल, तर प्रत जरूर घ्यावी. केवळ भेट म्हणून द्यायची असेल तर चेनचे कव्हर दुकानातच ठेवून यावे. आणि दुकानातून निघण्यापूर्वी, कितीही घाई असली तरी, इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायानंतर याकोबाचे पत्र लागते ना, एवढे पान उलटून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.